वक्तृत्वाचे करंडक, शून्याने संपणारं बीपी आणि माझं एक वर्ष

उजळणी (धागाकर्ती)

नमस्कार. दोन वर्षं इथे वाचनमात्र आहे, हा पहिलाच धागा. सांभाळून घ्या.

मी वैद्यकीय शिक्षणाच्या तिसऱ्या वर्षाला आहे. शाळेपासून वक्तृत्व स्पर्धांमध्ये बोलत आले. घरी करंडकांची एक फळी आहे, धूळ पुसायचं काम आईकडे. आवाज कुठे चढवायचा, कुठे श्वास सोडायचा, कोणत्या वाक्याला टाळी पडते, हे मला झोपेतही जमतं. म्हणून गेल्या वर्षी गाइड सर म्हणाले, "विभागाच्या बैठकीत आपल्या प्रकल्पावर सात मिनिटं बोल," तेव्हा मी फारशी तयारीच केली नाही. सात मिनिटं म्हणजे काय, डाव्या हाताचा मळ!

प्रकल्प असा. बीपी मोजायच्या डायलवर दर दोन मिलिमीटरला (पाऱ्याच्या, बीपी त्यातच मोजतात) एक रेघ असते. म्हणजे नोंदीचा शेवटचा अंक ०, २, ४, ६ किंवा ८ यांपैकीच हवा, आणि कुणी मुद्दाम काही करत नसेल तर प्रत्येकाचा वाटा साधारण २० टक्के यायला हवा. प्रत्यक्षात केस पेपर चाळले तर १२०, १३०, १४०, ११०. सगळीकडे शून्यांचा पाऊस. याला 'शेवटच्या अंकाची आवड' म्हणतात. नवीन शोध नाही, जगभर अनेकांनी पाहिलंय. आमच्या रुग्णालयात ते किती आहे एवढंच मला मोजायचं होतं. (आकडे इथे देत नाही. पेपर अजून छापून यायचाय, सरांनी तंबी दिलीय.)

तर मी उभी राहिले आणि सुरुवात केली, "शून्य! ज्या शून्याने गणिताला पंख दिले, तेच शून्य आज रुग्णांच्या जिवावर उठलं आहे!" एक सेकंद थांबले. टाळीसाठी. सवयच ती.

कुणी हललं नाही. सर शांतपणे म्हणाले, "जिवावर उठलंय हे तुला कुठल्या रकान्यात दिसलं?"

तिथून पुढे मी गडगडत गेले. "सिस्टर लोक आकडे अंदाजे लिहितात" असंही बोलून गेले. मागे बसलेल्या इन्चार्ज सिस्टर उठल्या. "शून्य लिहिलं म्हणजे खोटं लिहिलं का गं?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. घशाला कोरड. मग सरच उठले आणि उरलेल्या सगळ्या प्रश्नांची उत्तरं त्यांनी दिली. तेव्हा हायसं वाटलं. रात्री मात्र चीड आली, आणि ती कुणावर तेच कळेना.

त्याला वर्ष झालं. या वर्षात काय बदललं ते लिहायचंय, पण आधी तुमचे अनुभव ऐकायचेत. गाइडने मध्ये पडावं का? आणि स्पर्धेत बोलायची सवय सुटते कशी?

पडद्यामागे

छान लिहिलंयस. एकेरीत लिहिते, चालेल ना? मी नाटकवाली. स्पर्धेतल्या भाषणात आवाज पुढे असतो, मजकूर त्याच्या मागून धावतो. तुला आता उलटं करायचंय. एक उपाय सांगते, कंटाळवाणा आहे. फोनवर स्वतःला रेकॉर्ड कर आणि ऐकताना विशेषणांवर खुणा कर. 'भयंकर', 'अत्यंत', 'धक्कादायक'. प्रत्येक खुणेवर थांबून विचार, हे काढलं तर काय कमी होतं? बहुतेक वेळा काहीच नाही.

दुसरं म्हणजे 'म्हणजे', 'तर', 'ॲक्च्युअली' मोज. १९२४ मध्ये सुरू झालेल्या टोस्टमास्टर्सच्या (भाषणाचा सराव करणारे क्लब) सभांमध्ये हे मोजायला वेगळा माणूसच बसवतात, अँ-अँ मोजणारा. मी तालमीत हे काम एका नवख्या मुलाला दिलं होतं, पहिल्याच दिवशी माझेच तेवीस निघाले.

आकडेमोड

वाचतोय. भाषणाबद्दल बाकीचे बोलतीलच, माझा चष्मा वेगळा. दोन शंका:

विषम आकडे सापडले का? १३७, १२५ वगैरे? सापडले असतील तर त्यांचं काय केलंत?

आणि पेपरांवरून आकडे कुणी उतरवले? तुम्हीच?

उजळणी

@पडद्यामागे, एकेरीच बरं. रेकॉर्डिंग ऐकताना अंगावर काटा येतो, पण करते.

@आकडेमोड, विषम आकडे थोडे होते. डायलवर ती रेघच नाही, त्यामुळे चुकीच्या नोंदी म्हणून वगळले. उतरवलं सुरुवातीला मीच. तिथेही एक फजिती झाली. अक्षर वाईट असेल तिथे ६ आणि ० सारखेच दिसतात, आणि मी दर वेळी ० वाचत होते! सरांनी वीस कागद स्वतः तपासले तेव्हा कळलं. मला शून्यं हवी होती, म्हणून मला शून्यं दिसत होती. मग आम्ही एका ज्युनिअरला बसवलं, प्रकल्प कशावर आहे हे न सांगता. दोघींनी तेच कागद वेगवेगळे उतरवले आणि किती जुळतात ते 'कापा' (kappa) नावाचं सांख्यिकीतलं माप काढून पाहिलं. जुळलं नाही तिथे तिसऱ्याने निकाल दिला. सगळं पहिल्यापासून, दोन महिने गेले.

आकडेमोड

हे आवडलं. कोहेनचा कापा १९६० सालचा आहे, तरी अजून अर्धे लोक नुसती टक्केवारी देऊन मोकळे होतात. नुसती टक्केवारी फसवते, कारण सगळीकडे शून्यच असेल तर डोळे मिटून उतरवलं तरी बऱ्यापैकी जुळेल. कापा तो योगायोग वजा करतो.

विषम आकड्यांचं मात्र मला पटलेलं नाही. 'थोडे' म्हणजे किती? आणि कुठून आले? सगळ्या वॉर्डांतून थोडे थोडे, की एकाच ठिकाणाहून?

परखड

कटू बोलतो, माफ करा. विद्यार्थ्यांचं हे 'संशोधन' म्हणजे ९० टक्के बायोडेटाची सजावट असते. गाइडला नाव हवं, मुलांना प्रमाणपत्र हवं, नियतकालिकाला फी हवी. बीपी शून्याने संपतं हे सिद्ध करायला वर्ष? सगळ्यांना माहीत आहे.

जुनाट_स्टेथो

@परखड, ते ९० टक्के कुठून आणलेत? दिसलं की वाटलं? (हलकेच घ्या.)

सजावट असते, नाकारत नाही. मी स्वतः परीक्षक म्हणून बसलोय आणि एकाच पेपरची चार भावंडं चार पोस्टरांवर पाहिलीत. पण विद्यार्थी काही शोधू शकत नाही हे खोटं. स्वादुपिंडातली ती पेशींची बेटं पॉल लँगरहान्सने १८६९ च्या प्रबंधात वर्णन केली तेव्हा तो विद्यार्थीच होता. ती कशासाठी आहेत हे त्याला ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक असल्याचा आवही त्याने आणला नाही. १९१६ मध्ये जे मॅक्लीन नावाचा दुसऱ्या वर्षाचा विद्यार्थी विल्यम हॉवेलच्या प्रयोगशाळेत रक्त गोठवणारा पदार्थ शोधायला बसला आणि हाती लागला रक्त गोठू न देणारा. त्यातूनच पुढे हेपरिन आलं. गाइडने हवं तेच शोधायचा हट्ट धरला असता तर ती बाटली मोरीत गेली असती.

आता धागाकर्तीच्या मूळ प्रश्नावर, गाइडने मध्ये पडावं का. यावर वैद्यकाच्या इतिहासात एक जखम आहे. ३० डिसेंबर १९२१, न्यू हेवन, अमेरिकन फिजिऑलॉजिकल सोसायटीची सभा. तीस वर्षांचा फ्रेडरिक बॅन्टिंग इन्सुलिनचं काम मांडायला उभा राहिला. प्रयोग त्याने आणि चार्ल्स बेस्टने उन्हाळ्यात केलेले. बेस्ट जेमतेम बावीस वर्षांचा, विद्यार्थी म्हणून आलेला. बॅन्टिंगला बोलणं जमत नव्हतं. घाबरला, अडखळला. समोर मधुमेहातले दिग्गज. त्यांनी प्रश्न टाकले आणि सभेच्या अध्यक्षस्थानी असलेले मॅक्लाउड, ज्यांच्या प्रयोगशाळेत हे काम झालं होतं, चर्चेत उतरून उत्तरं द्यायला लागले. मॅक्लाउडच्या बाजूने पाहिलं तर ते बुडत्याला हात देत होते. बॅन्टिंगच्या मनात मात्र बसलं ते बसलंच, की हा माणूस माझं काम आपलं म्हणून सांगतोय.

त्यानंतर बाराव्या दिवशी, ११ जानेवारी १९२२ ला, टोरांटोत लिओनार्ड थॉम्पसन या चौदा वर्षांच्या मुलाला इन्सुलिनचं पहिलं इंजेक्शन दिलं गेलं. पुढे १९२३ चं नोबेल बॅन्टिंग आणि मॅक्लाउड यांना विभागून मिळालं. बॅन्टिंगने आपली अर्धी रक्कम बेस्टला दिली, मॅक्लाउडनी आपली अर्धी कॉलिपला. कॉलिपने इन्सुलिनचा अर्क शुद्ध केला होता. जगाचा फायदा झाला, बॅन्टिंग आणि मॅक्लाउडचं मात्र कधीच जमलं नाही.

मी स्वतः गाइड आहे (या मुलीचा नव्हे). वीस वर्षांपूर्वी मीही असाच उडी मारून उठायचो. आता तालमीतच विद्यार्थ्याला सांगून ठेवतो, "तू माझ्याकडे पाहिलंस तरच उठेन." गंमत म्हणजे एवढं सांगितल्यावर कुणी पाहतच नाही.

वेलांटी

वा, स्टेथोकाका! वाखुसा (वाचनखूण साठवली).

अवांतर: मराठीत 'कफ (दंडाला बांधायचा पट्टा) मोठा हवा' हे वाक्य बीपीच्या संदर्भात वाचेपर्यंत मी खोकल्याचंच समजत होते.

रात्रपाळी

मी स्टाफ नर्स. धागा कालपासून वाचतेय. लिहावं की नको असं होत होतं, पण लिहितेच.

उजळणीताई, शिकवलेलं आठवा. कफमधली हवा सेकंदाला दोन मिलिमीटरच्या वेगाने सोडायची. १८० वरून ६० पर्यंत यायला मिनिट लागतं. त्याआधी रुग्णाने पाच मिनिटं शांत बसायचं, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, हात हृदयाच्या पातळीला, कुणी बोलायचं नाही. तीस रुग्ण असतील तर नुसती हवा सोडण्यात अर्धा तास गेला. त्यात एक सलाईन संपलेलं, एक नातेवाईक डोक्यावर उभा, राउंड येतोय. हवा भस्सकन सुटते. काटा भराभर खाली येतो तेव्हा १३६ आणि १४० यांत फरक करायला माणसाचे डोळे पुरत नाहीत. तिथे आपण जवळची मोठी रेघ लिहितो. ते खोटं नव्हे. जेवढं दिसलं तेवढंच लिहिलेलं असतं.

तुमच्या इन्चार्ज सिस्टर उठल्या ते बरंच केलं.

उजळणी

@रात्रपाळी, ताई, तुमचा प्रतिसाद तीनदा वाचला. सिस्टरांनी मला पुढे अगदी हेच सांगितलं. ते कसं, तेच लिहिते, कारण या वर्षाचा मधला भाग तोच आहे.

त्या बैठकीनंतर आठवडाभर मी त्या वॉर्डाकडे फिरकले नाही. मग सरांनी शिक्षा म्हणा की गृहपाठ म्हणा, दिला. "सकाळच्या पाळीत तीन दिवस सिस्टरांबरोबर उभी राहा. वही नको, पेन नको. फक्त बघ."

तिसऱ्या दिवशी सिस्टरांनी माझ्या हातात स्टेथो दिला आणि म्हणाल्या, "घे, सगळ्यांचं तूच घे." नवव्या रुग्णापाशी मी १४० लिहिलं. लिहिल्यावर लक्षात आलं की हवा सोडताना स्टेथोत नाडीचा आवाज नेमका कुठे सुरू झाला (वरचा आकडा तोच) हे मला सांगताच येत नाहीये. सिस्टर बघत होत्या. काही बोलल्या नाहीत.

त्या दिवसानंतर माझं बोलणं बदललं. आवाजाचे व्यायाम वगैरे नंतर. आधी एवढंच झालं की 'सिस्टर लोक अंदाजे लिहितात' हे वाक्य माझ्या तोंडून निघेनासं झालं. त्या जागी आलं, 'नोंदींमध्ये शून्याचं प्रमाण अपेक्षेपेक्षा जास्त आहे. कारण या आकड्यांवरून सांगता येत नाही.' ऐकायला किती मिळमिळीत! शाळेच्या परीक्षकांनी शून्य गुण दिले असते. (शून्य पाठ सोडत नाही.)

सरांची पद्धत तेव्हापासून एकच. मी एक वाक्य बोलायचं, त्यांनी विचारायचं, "दिसलं की वाटलं?" @जुनाट_स्टेथो, तुम्ही तेच शब्द वापरलेत, मी दचकलेच. दिसलं असेल तर आकडा दाखवायचा. वाटलं असेल तर 'कदाचित' लावून चर्चेच्या भागात ढकलायचं, नाहीतर खोडायचं. सात मिनिटांच्या भाषणाची पहिल्यांदा चार मिनिटं उरली.

पडद्यामागे

चार मिनिटं उरली ना? उत्तम. क्वीन्सलँड विद्यापीठाने २००८ मध्ये एक स्पर्धा सुरू केली, सगळा प्रबंध तीन मिनिटांत, स्लाइड एकच आणि तीही न हलणारी. आता ती पुष्कळ देशांत होते. तू त्याच्या जवळ पोचलीस.

पण एक धोका सांगते. सगळं खोडत गेलीस तर ऐकणारा झोपेल. तो १४० चा प्रसंग आहे ना, नवव्या रुग्णाचा, तो भाषणात आहे का?

उजळणी

नाही. तो 'पुरावा' नाही म्हणून काढला.

पडद्यामागे

अगं वेडे, तोच ठेव!

आकडेमोड

मी इथे पडद्यामागेंच्या बाजूने. आकडेवाल्याने हे म्हणणं विचित्र वाटेल. पण सेमेलवाइस घ्या. १८४७ मध्ये व्हिएन्नाच्या प्रसूतिगृहात त्याने डॉक्टरांना क्लोरीनच्या द्रावणात हात धुवायला लावले आणि बाळंतिणींचे मृत्यू झपाट्याने घटले. आकडे डोळ्यांसमोर. पण स्वतः लिहायला-बोलायला तो कमालीचा नाखूश. सुरुवातीला त्याच्या वतीने मित्रांनी लिहिलं, त्याचं स्वतःचं पुस्तक आलं १८६१ ला. चौदा वर्षं! आणि ते आलं तेही भांडखोर, विरोधकांना शिव्या घालणारं. पुरावा स्वतःहून चालत जात नाही, त्याला कुणीतरी नीट हात धरून न्यावं लागतं.

नवव्या रुग्णाचा प्रसंग पुरावा म्हणून सांगू नका, उदाहरण म्हणून सांगा. 'माझ्याकडूनही हे झालं' एवढंच. त्यावरून टक्केवारी काढली नाहीत की झालं.

परखड

@जुनाट_स्टेथो, ९० टक्के मागे घेतो. 'पुष्कळ' लिहितो. बाकी मत तेच. तरीही विचारतो, शून्याने संपलं तर बिघडतं काय? दोन-चार मिलिमीटरचा तर प्रश्न आहे.

जुनाट_स्टेथो

रास्त प्रश्न. एका रुग्णाच्या एका नोंदीत फारसं बिघडत नाही. पण उच्च रक्तदाबाची रेघ बऱ्याच ठिकाणी १४०/९० ला आहे, २०१७ च्या अमेरिकी मार्गदर्शक सूचनांनी ती १३०/८० ला आणली. सगळे आकडे शून्यावरचे! म्हणजे माणसाचे डोळे जिकडे घसरतात, बरोबर तिथेच आपण रेघ मारून ठेवलीय. १३६ वाला १४० झाला तर त्याला गोळी सुरू होऊ शकते, १४४ वाला १४० झाला तर 'काठावर आहे, बघू' होतं. अभ्यासांमध्ये तर हे इतकं नडलं की शून्याची जागा दर वेळी यदृच्छया हलवणारं बीपीचं यंत्रच बनवलं गेलं. आधी आकडा वाचायचा, मग यंत्राने सरकवलेला भाग वजा करायचा. म्हणजे मोजणाऱ्याला खरा आकडा आधी कळतच नाही.

आणखी एक. काटा बघत आवाज ऐकायची ही पद्धत निकोलाय कोरोत्कॉफची. १९०५ मध्ये सेंट पीटर्सबर्गला एका सभेत या तरुण शल्यचिकित्सकाने ती मांडली. छापलेलं टिपण पानभरही नाही. आजही जगभरचे डॉक्टर ते पान वापरतात. मुली, तुझी चार मिनिटं पुरेशी आहेत.

चिंतातुर_बाबा

माझा मुलगा पहिल्या वर्षाला आहे. त्याला गाइड कसा मिळवावा? मेल पाठवले, उत्तर येत नाही.

आकडेमोड

@चिंतातुर_बाबा, मेल तुम्ही पाठवलेत की त्याने? तुम्ही पाठवले असतील तर उत्तर न येण्याचं कारण तेच. त्याला सांगा, त्या माणसाचा एक पेपर पूर्ण वाच आणि त्यातली न कळलेली एक गोष्ट विचार. चार ओळींत. 'मला आपल्या मार्गदर्शनाखाली काम करण्याची तीव्र इच्छा आहे' हे वाक्य वाचून लोक थेट कचराकुंडी दाबतात.

उजळणी

पाच आठवड्यांनी लिहितेय. उशिराबद्दल क्षमस्व, परीक्षा होती.

परवा परिषदेत बोलले. सात मिनिटं आणि दोन मिनिटं प्रश्न. तीन स्लाइड. पहिलं वाक्य पाठ होतं, बाकी काही पाठ नव्हतं. ही पडद्यामागेंची सूचना, व्यनिमध्ये (व्यक्तिगत निरोपात) दिलेली. पहिलं वाक्य असं होतं: "सकाळी दहा वाजता, नवव्या रुग्णापाशी मी १४० लिहिलं आणि मला माहीत होतं की ते मला नक्की ऐकू आलेलं नाही." सभागृहात दोन-तीन जण हसले, चांगलं हसले. मग मी सांगितलं की हे उदाहरण आहे, पुरावा पुढच्या स्लाइडवर.

वेग अजूनही जास्तच आहे. रेकॉर्डिंगमध्ये 'म्हणजे' अकरा वेळा. पहिल्यांदा मोजले तेव्हा एकतीस होते. हात मात्र अजून स्पर्धेतलेच, मध्येच एकदा मूठ वर गेली.

प्रश्नांमध्ये एका ज्येष्ठ बाईंनी विचारलं, "या रुग्णांपैकी किती जणांचं औषध चुकीचं सुरू झालं?" मी म्हणाले, "ते आम्ही पाहिलेलं नाही. या नोंदींवरून ते सांगता येणार नाही." बाई म्हणाल्या, "ठीक," आणि बसल्या. एवढंच! वर्षापूर्वी याच प्रश्नावर मी दोन मिनिटं भाषण ठोकलं असतं. सर शेवटच्या रांगेत होते. मी त्यांच्याकडे पाहिलं नाही, त्यामुळे ते काय करत होते हे मला ठाऊक नाही.

दुसरा प्रश्न एका मुलाचा: "सगळी यंत्रं डायलचीच होती का?" मी म्हणाले, "हो." चटकन.

वेलांटी

अभिनंदन!! मूठ राहू दे गं, ती तुझी सही आहे.

रात्रपाळी

छान झालं. सिस्टरांचं नाव पेपरात आहे का?

उजळणी

@रात्रपाळी, आभारात होतं. त्यावरून सरांशी माझा वाद झाला, चक्क मी घातला. वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीचे लेखकत्वाचे चार निकष आहेत: कामात भरीव वाटा, मसुदा लिहिणं किंवा त्यात मोलाच्या सुधारणा करणं, अंतिम रूपाला मान्यता, आणि सगळ्या कामाची जबाबदारी घेणं. चारही पूर्ण हवेत. सर म्हणाले, सिस्टरांनी मसुदा वाचलेला नाही, त्यामुळे बसत नाही. मी म्हटलं, पण आपण तो त्यांना वाचायला दिलाच कुठे? ज्याचा पहिला निकष पूर्ण होतो त्याला बाकीच्यांची संधी द्यायला हवी, असंही त्यातच लिहिलंय. हवा सोडायच्या वेगाचा सगळा परिच्छेद त्यांच्या बोलण्यातून आलाय.

सर जरा वेळ गप्प बसले. म्हणाले, "दे."

परखड

हे मात्र मान्य. माझ्या कामाच्या ठिकाणी कधी प्रयोगशाळेची पायरीही न चढलेल्यांची नावं पहिली लागत आली आहेत.

आकडेमोड

उत्तम. पण मी अजूनही विषम आकड्यांवर अडलोय. आणि त्या मुलाच्या प्रश्नावर 'हो' म्हणालात, ते कुणी पाहिलं होतं?

उजळणी

@आकडेमोड, काल रात्री तुमचा प्रतिसाद वाचून पोटात गोळा आला. पाहिलं नव्हतं. मी ज्या वॉर्डात उभी राहिले तिथे डायल होता, म्हणून सगळीकडे डायल असं धरून चालले होते.

आज सकाळी सिस्टरांनी मसुदा परत दिला. चार ठिकाणी पेन्सिलीच्या खुणा. तिसरी खूण 'चुकीच्या विषम नोंदी वगळल्या' या ओळीवर. समासात लिहिलंय, "पाचव्या वॉर्डात डिजिटल मशिन आहे. १३७ येऊ शकतं." मी धावत जाऊन पाहिलं. आहे. भिंतीलाच लावलेलं. मग वगळलेल्या नोंदींची यादी उघडली. जवळपास सगळ्या पाचव्या वॉर्डातल्या.

म्हणजे सगळ्यात सरळ नोंदी मी चुकीच्या म्हणून फेकून दिल्या होत्या. आणि परिषदेत सगळ्यांसमोर 'हो' म्हणून आले.

आकडेमोड

थांबा, रडू नका. नीट विचार करू. डिजिटलमध्ये शेवटचा अंक दहापैकी कोणताही, प्रत्येकाला १० टक्के. तुम्ही विषम काढून टाकलेत, उरलेल्या पाच सम अंकांत ते पुन्हा २०-२० टक्केच वाटले जाणार. म्हणजे पाचव्या वॉर्डाच्या उरलेल्या नोंदींनी तुमचं शून्याचं प्रमाण फुगवलेलं नाही, उलट खाली ओढलंय. डायलवाल्या वॉर्डांत खरं प्रमाण तुम्ही सांगितलंत त्याहून जास्त असणार. हे अर्थात सिस्टरांनी मशिनचा आकडा जसाच्या तसा उतरवला असेल तरच.

आणि लक्षात आलं का? तुलनेसाठी एक वॉर्ड फुकटात मिळालाय. डायल आणि डिजिटल शेजारी-शेजारी. रुग्ण वेगळे, कर्मचारी वेगळे, त्यामुळे फार मोठं काही म्हणू नका. पण मांडा.

रात्रपाळी

मशिन असलं तरी १३७ चं १४० लिहिणारे असतात हं. मी पाहिलंय. मशिनच्या मेमरीत आकडे राहतात, जमलं तर कागदाशी ताडून बघा.

जुनाट_स्टेथो

गाइडला सांगितलंस का? आणि परिषदेला?

उजळणी

सरांना दुपारी सांगितलं. वाटलं होतं ओरडतील. म्हणाले, "यंत्रं मीही तपासली नव्हती." परिषदेच्या आयोजकांना दुरुस्तीचा मेल लिहायचाय, मसुदा मी करायचा, सही दोघांची. आणि पुढच्या महिन्यात विभागाच्या त्याच बैठकीत मला पुन्हा सात मिनिटं मिळालीत. पहिली स्लाइड पाचव्या वॉर्डाच्या भिंतीची.

मेमरीतल्या आकड्यांसाठी एथिक्स कमिटीकडे नवा अर्ज लागेल, मूळ परवानगी फक्त केस पेपरांची होती. ज्युनिअर पुन्हा बसायला तयार आहे. आता तिला प्रकल्प कशावर आहे हे कळलंय, त्यामुळे उतरवायला दुसरं कुणीतरी शोधायला हवं.

आकडेमोड, नोंदी वॉर्डनुसार वेगळ्या काढल्यावर तक्ता कसा मांडू ते व्यनि करते. रात्रपाळीताई, मशिनच्या मेमरीत किती दिवसांचे आकडे राहतात?

रात्रपाळी

मॉडेल बघून सांगते. फोटो टाक.